एम्बेडेडसाठी लॅपटॉप तयार करताय? आधी बोर्ड दिसतोय का ते बघा

सोलापुरातली डिप्लोमा, इंजिनिअरिंगची लई पोरं नवीन लॅपटॉप आला की आधी मोठमोठे आयडीई (कोड लिहायची सॉफ्टवेअरं) डाऊनलोडला लावतात, अन् एम्बेडेडचा बोर्ड, म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिपचा छोटा सर्किट बोर्ड, जोडल्यावर त्याचा पोर्टच कॉम्प्युटरात दिसंना मग सगळं पुसून परत पहिल्यापासून. उलटं करा, आधी बोर्ड अन् कॉम्प्युटरचं जमू द्या, मग बाकीचं.

८ जीबी रॅम अन् एसएसडी असली की बास. उबंटू टाकायचं तर थेट टाका, विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल-२ मध्ये यूएसबी आपोआप जात नाही, त्याला यूएसबीआयपीडी नावाचं सॉफ्टवेअर वेगळं लागतं, नवीन माणसाने त्यात पडूच नये.

आता केबल. नवी पेठेतनं घ्या नाहीतर ऑनलाइन, स्वस्तातल्या बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच, बोर्डावरची लाईट मात्र लागते त्यामुळे शंकाच येत नाही. त्या केबलने मोबाईलमधली फाईल कॉपी होते का बघून घ्या.

मग टर्मिनलमध्ये डीमेसेग (dmesg -w, नवीन काय जोडलं ते दाखवणारी कमांड) चालू ठेवून बोर्ड जोडा. टीटीवाय-यूएसबी-० (ttyUSB0) किंवा टीटीवाय-एसीएम-० (ttyACM0) असं पोर्टचं नाव आलं पाहिजे. सीएच३४० या यूएसबी-सिरीयल चिपचा बोर्ड असेल, उबंटू २२.०४ असेल अन् पोर्ट येऊन लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय (brltty) नावाचं पॅकेज बघा, ते ब्रेल डिस्प्लेसाठी आहे अन् या चिपला ब्रेलचं यंत्र समजून पोर्ट ओढून घेतं. तुमच्याकडं ब्रेल डिस्प्ले नसेल तर काढून टाका. 'परमिशन डिनाइड' आलं तर आपला युजर डायलआउट (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये घालून लॉगआउट-लॉगिन करा, दरवेळी सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावत बसू नका.

एवढं झालं की एसटीएम३२ चिपसाठी आर्मचा जीसीसी (कंपायलर), ओपनओसीडी (चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर) अन् जीडीबी-मल्टिआर्क (डीबगर, म्हणजे कोडमधली चूक शोधायचं साधन) टाका, तिन्ही उबंटूच्या ॲप्टमधनंच मिळतात. ब्लू पिल (एसटीएम३२ चा स्वस्त बोर्ड) घेतला असेल तर एसटी-लिंक या प्रोग्रामरच्या चार तारा जोडा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके. ओपनओसीडीने चिपचा आयडी १बीए०१४७७ च्या जागी २बीए०१४७७ दाखवला तर चिप बहुतेक क्लोन (नक्कल) आहे, बोर्ड खराब नाही, कॉन्फिगमध्ये तो आयडी दिला की चालतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाच्या मोटरवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. डीबग करताना ब्रेकपॉइंटवर (कोड थांबवायच्या जागी) प्रोसेसर थांबतो पण टायमर चालूच राहतो, म्हणजे पीडब्ल्यूएमही (मोटर चालवणारे पल्स) चालू अन् मोटरही फिरत राहते. डीबग रजिस्टरमध्ये तो टायमर फ्रीझ करायचा बिट असतो, तो लावा, तरी मोटरचा सप्लाय काढूनच डीबग करा, अन् पहिली तपासणी मोटरच्या जागी एलईडी लावून करा.