बसून वापरायच्या संगणक-टेबलाची रचना: उंची आधी खालची ठरवावी

उंची बदलता येणारे टेबल म्हटले की ते किती वर जाते हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. ज्याला बसूनच काम करायचे आहे, त्याने मात्र ते किती खाली येते हे आधी पाहावे. तयार टेबले बहुधा ७२ ते ७५ सेंमी उंचीची असतात. कागदावर लिहिताना ही उंची चालून जाते, कारण तेव्हा हात टेबलावर टेकलेला असतो आणि मान थोडी पुढे झुकलेली असते. कळफलकावर दोन्ही हात तासन्‌तास चालवताना मात्र मध्यम उंचीच्या माणसाला एक तर खांदे उचलून धरावे लागतात किंवा खुर्ची इतकी वर घ्यावी लागते की पाय अधांतरी राहतात.

म्हणून रचनेची सुरुवात फळीपासून किंवा पायांपासून न करता मापांपासून करावी, आणि ती जमिनीपासून वर अशा क्रमाने घ्यावीत. काम करताना जी पादत्राणे पायात असतात ती घालून खुर्चीवर बसावे, तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील आणि मांड्या साधारण आडव्या राहतील अशी बैठक लावावी, खांदे सैल सोडावेत आणि कोपर अंगालगत ठेवून काटकोनात वाकवावे. या स्थितीत जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर आणि जमिनीपासून मांडीच्या सर्वांत जाड भागापर्यंतचे अंतर, अशी दोन मापे दुसऱ्या कोणाकडून तरी घेववावीत. स्वतःच टेप धरून आकडा वाचायला वाकले की खांदा खाली जातो आणि माप सहज दोन सेंमीने चुकते.

समजा, बैठक ४३ सेंमीवर आहे आणि कोपर तिच्यापासून २३ सेंमी वर आहे, म्हणजे कोपराची उंची ६६ सेंमी झाली. कळफलकाची जाडी अडीच सेंमी धरली तर फळीचा पृष्ठभाग ६३.५ सेंमीवर हवा. मांडीची जाडी १४ सेंमी असेल तर मांडीचा वरचा भाग ५७ सेंमीवर येतो, आणि पाय हलवता यावेत म्हणून त्यावर तीन सेंमी मोकळी जागा सोडली की ६० सेंमी होतात. उरले साडेतीन सेंमी. फळी आणि तिच्याखालची चौकट या दोहोंना मिळून एवढीच जाडी उपलब्ध आहे. हा साडेतीनचा आकडा एकदा नीट पाहिला की मांडीच्या वर खण कसा करावा हा प्रश्नच उरत नाही. माझ्या पहिल्या टेबलाला मी हौसेने कळफलकासाठी सरकता खण केला होता. तो खाली सात सेंमी लोंबत असे आणि गुडघा दर खेपेला त्याच्या कडेवर आपटत असे, म्हणून शेवटी तो काढूनच टाकावा लागला. खण हवाच असेल तर तो एका बाजूला, पायांच्या जागेबाहेर असावा.

टेबल एकापेक्षा अधिक जणांनी वापरायचे असेल तर सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच व्यक्तीची अशीच मापे घ्यावीत. बैठक ३८ आणि कोपर तिच्यावर २१ सेंमी असलेल्या व्यक्तीला फळी साडेछप्पन्न सेंमीवर लागते, तर बैठक ४८ आणि कोपर २७ सेंमी असलेल्या व्यक्तीला साडेबहात्तर सेंमीवर. म्हणजे तयार टेबलांची उंची जिथे सुरू होते, तिथे आपल्या टेबलाची जवळजवळ संपते. ५६ ते ७४ सेंमी एवढा टप्पा धरला तर वर-खाली होण्यासाठी केवळ १८ सेंमी पुरतात, आणि त्यामुळे रचना बरीच सोपी होते.

कारण अशा टेबलाचा प्रत्येक खांब एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो, आणि टेबल डुगडुगण्याचा सारा प्रश्न आतली नळी बाहेरच्या नळीत किती लांबीची राहते याचा आहे. बाहेरची नळी ४० मिमी चौकोनी आणि तिच्या भिंती दोन मिमी जाडीच्या असतील तर आत ३६ मिमी जागा मिळते. तीत ३५ मिमीची नळी बसवली की एक मिमी ढिलाई उरते. टेबल पूर्ण वर असताना आतली नळी १२ सेंमीच आत राहिली आणि फळी त्या जोडाच्या ३५ सेंमी वर असली, तर त्या एका मिमीचे फळीपाशी जवळपास तीन मिमी होतात, आणि टंकलेखन करताना पडदा थरथरू लागतो. उलट ४७ सेंमीच्या बाहेरच्या नळीतून १८ सेंमीच वर काढायचे असेल तर २९ सेंमी आत राहतात आणि तीच ढिलाई वर एक मिमीच्याही आत राहते. उरलेली ढिलाई नायलॉनच्या पातळ पट्ट्या चिकटवून किंवा बाहेरच्या नळीला नट वेल्ड करून त्यातून घट्ट होणारा स्क्रू बसवून घालवता येते.

उंची बदलण्यासाठी मोटर, हाताने फिरवायचा आट्यांचा दांडा किंवा छिद्रे आणि पिन असे पर्याय आहेत. दांड्याच्या एका फेऱ्यात चार मिमी अंतर कापले जात असेल तर १८ सेंमीसाठी ४५ फेरे लागतात, आणि दोन्ही खांब साखळीने किंवा आडव्या दांड्याने एकमेकांना जोडले नाहीत तर फळी तिरपी होऊन नळ्या अडकतात. उंची दिवसातून अनेकदा बदलायची नसेल तर मी पिनच निवडीन. दोन सेंमीचे टप्पे मोठे वाटत असतील तर एक युक्ती आहे : आतल्या नळीला दर दोन सेंमीवर छिद्रे पाडावीत, पण बाहेरच्या नळीला एकाच्या जागी दोन छिद्रे एकमेकांपासून तीन सेंमीवर पाडावीत. मग सम आकड्यांना एका छिद्रात आणि विषम आकड्यांना दुसऱ्या छिद्रात पिन बसते, आणि टप्पा एक सेंमीचा होतो. आठ मिमीच्या पिनेसाठी दोन छिद्रांमध्ये सुमारे १२ मिमी धातू शिल्लक राहतो. दोन्ही खांबांच्या नळ्या शिकंजात शेजारी-शेजारी आवळून छिद्रे एकाच आखणीने पाडावीत, म्हणजे पुढे पाणसळ लावून वैतागण्याची वेळ येत नाही. पिन काढण्यापूर्वी पडदा उतरवावा आणि फळी दोघांनी दोन बाजूंनी धरावी.

खांब मागच्या कडेपासून १५ सेंमीवर ठेवावेत आणि त्यांना जोडणारी रुंद आडवी पट्टी बाहेरच्या नळ्यांच्या वरच्या टोकाजवळ लावावी, म्हणजे डावी-उजवीकडची हालचाल थांबते आणि पुढे ६० सेंमीपर्यंत पायांना काहीही आडवे येत नाही. खालचे आडवे पाय पुढे पुरेसे लांब असावेत, नाहीतर कोणी पुढच्या कडेवर भार टाकला की टेबल कलंडते.

फळी ७५ सेंमी खोल आणि निदान १२० सेंमी रुंद असावी. तिचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने २५ मिमीची फळी १८ मिमीच्या फळीपेक्षा अडीच पटीहून अधिक ताठ असते. पण वरचा साडेतीन सेंमीचा हिशोब आठवावा आणि १८ मिमीची फळी घेऊन खाली मागच्या भागात चौकट द्यावी, पुढचा भाग पातळच ठेवावा. पुढची कड कानशीने आणि पॉलिशपेपरने गोल करावी, कारण मनगट तिथेच टेकते. वरचा पृष्ठभाग चकचकीत नसावा.

पडद्याची उंची टेबलाच्या उंचीवर सोपवू नये. तो फळीच्या मागच्या कडेला आवळलेल्या स्वतंत्र आधारावर असावा. बहुतेक पडद्यांच्या पाठीमागे ७५ किंवा १०० मिमी अंतराची चार छिद्रे त्यासाठीच असतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर साधारण हातभर ठेवावे. ६५ सेंमीवर नजर १५ अंश खाली झुकवली तर ती डोळ्यांच्या रेषेपेक्षा सुमारे १७ सेंमी खाली पडते, तिथे पडद्याचा मध्य यावा. दुहेरी भिंगांचा चष्मा असणाऱ्यांनी तो आणखी खाली घ्यावा, नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते. लॅपटॉप वापरायचा तर कळफलक वेगळा जोडल्याशिवाय यातले काहीच साधत नाही.

नळ्या कापण्याआधी एक फळी पुस्तकांच्या चळतींवर ठरलेल्या उंचीला ठेवून दोन-तीन दिवस काम करून पाहावे आणि अडचण जाणवली तर त्यानुसार आकडा बदलावा. वायरींना फळी सर्वांत वर असतानाही ताण पडणार नाही एवढी लांबी ठेवावी. सगळे जुळल्यावर आतल्या नळीवर कायम टिकणाऱ्या शाईने प्रत्येकाच्या उंचीची खूण करून ठेवावी, म्हणजे टेबल दुसऱ्याने वापरले तरी पुन्हा टेप शोधावा लागत नाही.