पोस्टर, टीझर, गाणं, ट्रेलर: चौघांनी एकच सिनेमा विकायचा तर

मराठी सिनेमाच्या प्रसिद्धीत पोस्टर एकाकडे असतं, ट्रेलर दुसऱ्याकडे, गाणी म्युझिक कंपनीकडे आणि रील्स आणखी कुणाकडे. प्रत्येकाचं काम चोख असतं, तरी पोस्टरवर कौटुंबिक दिसणारा सिनेमा टीझरमध्ये थरारपट होतो आणि गाण्यात कॉलेजची लव्हस्टोरी. गोंधळलेला प्रेक्षक शिव्या देत नाही, तो फक्त "ओटीटीवर आला की बघू" म्हणतो. म्हणून पहिलं डिझाइन उघडण्याआधी या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा आणि दोन गोष्टी कागदावर उतरवा: सिनेमा एका वाक्यात, आणि लोकांच्या तोंडी बसेल अशी एक खूण.

समजा, गोष्ट कोल्हापुरातल्या खानावळीची आहे. सासू आणि विधवा सून यांनी एकमेकींशी बोलणं टाकलंय, पण खानावळ बंद पडू द्यायची नाही. दहा वर्षांचा नातू निरोप्या: "आजीला सांग, मीठ कमी पडलंय." वाक्य झालं, ‘न बोलणाऱ्या दोघी एका चुलीवर राबतात’. खूण झाली, ‘सांग तिला’. हे दोन शब्द आता पोस्टरपासून शेवटच्या रीलपर्यंत फिरवायचे. प्रेक्षकही इथेच ठरतो: घोळक्याने येणाऱ्या बायका, बहुतेक दुपारच्या खेळाला.

पोस्टर

पोस्टरचं काम गोष्ट सांगणं नाही, नाव आणि चेहरा डोक्यात बसवणं आहे. आपल्या उदाहरणात एक मोठी चूल, दोन्ही बाजूंना एकमेकींकडे पाठ केलेल्या दोघी आणि मधे कॅमेऱ्याकडे बघणारा पोरगा. बस्स. दहा कलाकारांची डोकी चिकटवलेलं पोस्टर निर्मात्याच्या घरात सगळ्यांना आवडतं, एसटी स्टँडवर कुणाला वाचता येत नाही.

त्यासाठी शूटिंग चालू असतानाच, कलाकार मेकअप-कॉस्च्युममध्ये असताना, अर्धा दिवस स्टिल फोटोग्राफरला द्या. "फ्रेम काढून घेऊ सिनेमातून" हा बेत हमखास फसतो. टूके (2K) दर्जाच्या फ्रेमची रुंदी २०४८ पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर जेमतेम सात इंच. शिवाय चालत्या कॅमेऱ्यात हात-पाय धूसर येतात. ३० बाय ४० इंची पोस्टर १५० डीपीआयने नीट छापायचं तर ४५०० बाय ६००० पिक्सेलचा फोटो हवा. फोटो काढतानाच उभी आणि आडवी अशी दोन्ही रचना घ्या. उभं पोस्टर ताणून २० बाय १० फुटी होर्डिंग केलं की चेहरे चपटे होतात, नाहीतर बाजूला रिकामी भिंत उरते. होर्डिंगवर नाव, दोन चेहरे आणि तारीख एवढंच. श्रेयनामावली पोस्टरवरच राहू द्या.

नावाच्या अक्षरलेखनावर मात्र वेळ घालवा. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर जातात. दोन ओळी एकमेकींना चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. लोगो तयार झाला की तो फोनवर १५० पिक्सेल रुंदीला आणून हात लांब करून बघा. तिकीट ॲपवर तो साधारण तेवढाच दिसणार आहे. वाचता आला नाही तर कितीही देखणा असला तरी बदला. छपाईला पाठवताना अक्षरांचे कर्व्ह करून द्या, म्हणजे फाँटऐवजी नुसते आकार जातील, नाहीतर प्रेसच्या मशीनवर फाँट बदलून जोडाक्षरं फुटतात, आणि ते पाचशे प्रती छापल्यावर कळतं. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोडा. अजून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि यूट्यूब, तिकीट ॲप, हॅशटॅग सगळीकडे तेच ठेवा. लोक शोधताना बहुधा रोमनमध्येच टाइप करतात. एका जागी एक ‘ए’ आणि दुसऱ्या जागी दोन झाले की शोधणारा दुसऱ्याच सिनेमावर जाऊन पोचतो.

टीझर, गाणं आणि ट्रेलर

टीझर म्हणजे छोटा ट्रेलर नव्हे. तो ४० सेकंदांत एक प्रश्न टाकतो आणि उठून जातो. इथे: वरवंट्याचा आवाज, भाकरी थापल्याचा आवाज, दोघींचे हात, एकही संवाद नाही. शेवटी पोरगा धापा टाकत येतो आणि म्हणतो, "आजी म्हणत्येय, सांग तिला..." काळा पडदा, नाव. काय सांगायचं होतं, ते ट्रेलरसाठी राखून ठेवा. बजेट अगदीच तोकडं असेल तर टीझर गाळा आणि तो पैसा ट्रेलरवर लावा. तो नसल्याने सिनेमा पडत नाही.

गाणं सिनेमाची ओळख घरात नेतं. प्रदर्शनाआधी पाचेक आठवडे पहिलं गाणं आणा आणि त्यातला १५ सेकंदांचा तुकडा आधीच निवडून ठेवा. त्याचा ऑडिओ गाणं येण्याआधीच रील्सच्या लायब्ररीत पोचला पाहिजे. तो नसेल तर लोक स्वतःच्या क्लिपमधून आवाज उचलतात आणि गाणं शंभर तुकड्यांत विखुरतं.

ट्रेलर प्रदर्शनाच्या १८ ते २० दिवस आधी. महिनाभर आधी आणला तर मधल्या काळात तो तापता ठेवायला रोज पैसे लागतात, ते छोट्या निर्मात्याकडे नसतात. लांबी दोन मिनिटं, फार तर दोन-वीस. यूट्यूबच्या जाहिरातीत पाच सेकंदांनी ‘स्किप’ येतं, म्हणून प्रॉडक्शन कंपन्यांचे तीन लोगो सुरुवातीला लावू नका. पहिल्या पाच सेकंदांत मिठाचा निरोप येऊ द्या. ४० व्या सेकंदापर्यंत भांडण कळावं, सव्वा मिनिटाला संगीत वळावं, आणि मध्यंतरानंतरचं काहीही दाखवू नये. नाव आणि तारीख पडल्यावर एक शेवटचा विनोद ठेवा, लोक तोच पुढे पाठवतात.

सिनेमा रडवणारा आहे आणि ट्रेलर फक्त हसवणारा, ही सर्वांत महागडी चूक. शुक्रवारी लोक येतात, पण फसल्यासारखे बाहेर पडतात आणि शनिवारी माउथ पब्लिसिटीच उलटी फिरते.

तांत्रिक बाजू: थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला वेगळं सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, त्याचे दिवस वेळापत्रकात धरा. डीसीपीसाठी, म्हणजे थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीसाठी, आवाजाचं ५.१ (सहा चॅनेलचं) मिक्स वेगळं करा. फोनसाठी दाबून मोठं केलेलं मिक्स थिएटरात कर्कश वाटतं, ऑपरेटर आवाज उतरवतो आणि संवाद बुडतात. रील्ससाठी १०८० बाय १९२० मध्ये नव्याने कापा, सबटायटल चित्रातच ठेवा, पण वरचे अडीचशे आणि खालचे चारशे पिक्सेल मोकळे सोडा. तिथे ॲपची बटणं बसतात.

शेवटचा आठवडा

इथे बहुतेकांचं कंबरडं मोडतं. सगळं काही आवडलेला प्रेक्षक विचारतो, "आमच्या गावात कुठे लागलाय?", आणि उत्तर द्यायला कुणी नसतं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळक्यांच्या जाहिरातीत ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि तीन आण्यांचं तिकीट, असं सगळं सांगून टाकलं होतं. काय बघायला मिळेल आणि किती पडेल, दोन्ही. आजच्या पोस्टरांवर अनेकदा नुसतं ‘जवळच्या चित्रपटगृहात’ असतं.

खेळांच्या वेळा बुधवार-गुरुवारी हातात येतात. म्हणून शहरवार यादीची रिकामी डिझाइन्स आधीच करून ठेवा: थिएटर, वेळ, बुकिंगची लिंक. वेळा आल्या की तासाभरात भरून व्हॉट्सॲप ग्रुपांवर सोडा. खानावळीच्या सिनेमाला बचत गट आणि भिशीमंडळं हाच गाभ्याचा प्रेक्षक, तर त्यांच्यासाठी वेगळं कार्ड करा: किमान किती तिकिटांवर ग्रुप बुकिंग होतं आणि फोन कुणाला करायचा. कार्डावर ओळ तीच, ‘सांग तिला’. फक्त आता ती मैत्रिणीला निरोप देण्यासाठी.

प्रदर्शनानंतर ट्रेलरवरचे पैसे थांबवा. ते आता थिएटरातून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या क्लिप्सवर लावा. शुक्रवारी दुपारचा आणि शनिवारी संध्याकाळचा खेळ सुटताना माणूस कॅमेरा घेऊन उभा हवा, आणि थिएटर मॅनेजरची परवानगी आधीच घेतलेली हवी. कुठे खेळ हाउसफुल्ल गेला ते सोमवारी सकाळी वितरकाच्या हातात पडलं पाहिजे, कारण दुसऱ्या आठवड्यातले खेळ त्याच आकड्यांवर मागायचे असतात.