लठ्ठ पगचे वजन कसे उतरवावे

पग या चपट्या नाकाच्या जातीच्या प्रौढ कुत्र्याचे वजन साधारण ६ ते ८ किलो असावे असे मानले जाते. फ्लॅटमध्ये वाढलेले आणि घरात सर्वांचे लाडके असलेले पग मात्र सहज ११ किलोपर्यंत जातात, आणि ‘ही जात गुटगुटीतच असते’ अशी घरच्यांची समजूत असल्यामुळे त्याकडे कुणाचे फारसे लक्षही जात नाही. ८ किलोच्या कुत्र्याच्या अंगावर ३ किलो जास्तीचे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ओझे आहे. चपट्या नाकामुळे मुळातच कष्टाने श्वास घेणाऱ्या आणि धापा टाकूनच शरीर थंड ठेवणाऱ्या प्राण्याला हे ओझे उन्हाळ्यात जिवावर बेतणारे ठरू शकते.

वजन खरोखरच जास्त आहे का, हे काट्याआधी हाताने तपासावे. आपली मूठ वळून बोटांच्या पेरांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवले तर हाडे टोकदार लागतात; पंजा सरळ पालथा धरून बोटांच्या मुळाशी चाचपले तर पातळ कातडीखाली हाडे हलकेच जाणवतात. कुत्र्याच्या बरगड्या या दुसऱ्या प्रकारे जाणवायला हव्यात. त्या शोधण्यासाठी बोटे दाबावी लागत असतील, किंवा वरून पाहताना कंबर कुठे आहे हेच कळत नसेल, तर चरबी वाढलेली आहे. पॉमेरियनसारख्या केसाळ कुत्र्यांच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबूच नये.

आहाराला हात घालण्यापूर्वी पशुवैद्यकांची एक भेट आवश्यक आहे. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने वजन वाढते. पोट सुटणे, सतत तहान आणि वारंवार लघवी ही लक्षणे कुशिंग या विकारातही दिसतात. खाजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक चाळवते. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज कमी होते, तरी वाडग्यातले माप मात्र पूर्वीचेच राहते, हेही एक नेहमीचे कारण आहे. अपेक्षित वजन किती धरायचे, हे याच भेटीत ठरवून घ्यावे. पिल्लांना आणि गाभण मादीला वजन उतरवण्याचा आहार देऊ नये.

आता हिशेब. अपेक्षित वजनाचा घन करावा, त्याचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि येणाऱ्या संख्येला ७०ने गुणावे. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे मिनिटभरात होते. ८ किलोसाठी उत्तर सुमारे ३३३ येते. दिवसभरात इतक्या कॅलरींपासून सुरुवात करावी आणि हा आकडा पशुवैद्यकांना दाखवून पक्का करावा. १०० ग्रॅममध्ये ३७० कॅलरी असलेले कोरडे खाद्य असेल, तर दिवसाचा एकूण वाटा ९० ग्रॅम होतो. हा वाटा वाटीने किंवा पेल्याने न मोजता स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावरच मोजावा, कारण इतक्या लहान कुत्र्याच्या बाबतीत १५ ग्रॅमची चूकही दिवसाच्या आहाराचा सहावा भाग असते. नेहमीचेच खाद्य फार कमी केले तर कॅलरींबरोबर प्रथिने आणि खनिजेही तुटतात. म्हणून मोठी कपात लागणार असेल तर वजन उतरवण्यासाठी बनवलेले खाद्य पशुवैद्यकांच्या सल्ल्याने निवडणे बरे. उपास मात्र कधीही घडवू नये.

खरी अडचण हिशेबात नसून घरातल्या माणसांत असते. तूप लावलेल्या एका पोळीत १०० ते १२० कॅलरी असतात, म्हणजे आजींनी प्रेमाने भरवलेली एक पोळी या कुत्र्याच्या दिवसाच्या अन्नाचा तिसरा भाग असते. एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. सकाळच्या चहाला दोन, संध्याकाळी दोन आणि जिन्यात शेजाऱ्यांकडून एक, असे धरले तर शंभरी केव्हाच ओलांडलेली असते. गोळी पेढ्यात लपवून देण्याची पद्धतही याच जमेस धरावी. यावर माझ्या मते एकच उपाय टिकतो: रोज सकाळी मोजलेले सर्व खाद्य एका डब्यात काढावे आणि घरातल्या कुणालाही कुत्र्याला काही द्यावेसे वाटले तर ते त्या डब्यातूनच द्यावे. डबा रिकामा झाला की दिवस संपला. त्यामुळे कुणाला ‘देऊ नका’ असे सांगून दुखवावे लागत नाही, आणि कुत्र्यालाही बहुधा पदार्थापेक्षा तो देणाऱ्या हाताचेच अप्रूप असते. डब्याबाहेरचा खाऊ द्यावाच लागला तर तो दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्याहून, म्हणजे इथे ३३ कॅलरींहून, अधिक नसावा आणि तेवढे खाद्य डब्यातून कमी करावे.

भूक भागत नसेल तर मीठ, तेल आणि फोडणी न घालता उकडलेला दुधी किंवा फरसबी, अथवा काकडीचे बारीक तुकडे द्यावेत. दुधी कडू नाही ना, हे आधी स्वतः चाखून पाहावे. कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषारी आहेत. प्रसादाचा शिरा मनुका आणि कॅलरी या दोन्ही कारणांनी वर्ज्य समजावा.

व्यायामाने वजन उतरते ही आशा थोडी आवरती घ्यावी. किलोमीटरभर चालून असा कुत्रा एका बिस्किटाइतक्याही कॅलरी खर्च करत नाही. तरीही स्नायू टिकण्यासाठी आणि सांधे मोकळे राहण्यासाठी चालणे हवेच. दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांपासून सुरुवात करावी. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा वापरावा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पहाटेखेरीज बाहेर नेऊच नये. सोफ्यावरून उड्या मारणे आणि जिने चढणे वजन कमी होईपर्यंत टाळावे. धाप थांबत नसेल, जीभ निळसर पडली किंवा तोल जाऊ लागला, तर अंगावर साधे पाणी ओतून, वारा घालत तत्काळ दवाखाना गाठावा.

दर दोन आठवड्यांनी एकाच काट्यावर, सकाळी खाण्यापूर्वी वजन करून नोंद ठेवावी. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे ११ किलोच्या कुत्र्यात ११० ते २२० ग्रॅम, घट योग्य समजली जाते. या गतीने ३ किलो उतरायला चार ते सात महिने लागतात. महिनाभर काटा हललाच नाही तर आधी घरात चौकशी करावी, आणि डबा निर्दोष ठरला तरच पशुवैद्यकांना विचारून वाटा दहा टक्क्यांनी कमी करावा. घट २ टक्क्यांहून वेगाने होत असेल तर वाटा वाढवावा. अपेक्षित वजन आले की खाद्य दहा-दहा टक्क्यांनी वाढवत जावे, काटा स्थिरावेल तिथे थांबावे आणि पुढेही महिन्यातून एकदा वजन करत राहावे.