ईआरपी बसवताना डेटाबेसची जोडणी आधी तपासून घ्यावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत ईआरपी (हिशेब, स्टोअर, उत्पादन असे सगळे एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवायला घेतले की इन्स्टॉलर होस्ट, पोर्ट, डेटाबेसचे नाव, युजर आणि पासवर्ड असे पाच रकाने पुढे करतो. ते भरून लगेच ‘नेक्स्ट’ दाबू नये. जोडणी बिघडली तर बरेचसे इन्स्टॉलर ‘कनेक्शन फेल्ड’ एवढेच सांगून गप्प बसतात, म्हणून ती आधी बाहेरच तपासून घ्यावी. येथे ईआरपी एका सर्व्हरवर (अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर) आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस दुसऱ्यावर (डेटाबेस सर्व्हर) आहे असे धरले आहे.

डेटाबेस सर्व्हरला स्थिर आयपी द्यावा आणि होस्टच्या रकान्यात तोच लिहावा. ‘लोकलहोस्ट’ म्हणजे प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालतो तेच मशीन, त्यामुळे येथे तो चालणार नाही. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेल्या जोडण्या ऐकते. ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ या सेटिंगमध्ये सर्व्हरचा आयपी घालून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. त्यानंतर कोणाला कुठून जोडू द्यायचे हे ठरवणाऱ्या ‘पीजी एचबीए’ फाइलमध्ये ईआरपीच्या डेटाबेससाठी, ईआरपीच्याच युजरला, फक्त अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या आयपीवरून परवानगी देणारी ओळ लिहावी. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ प्रथम जुळते तीच लागू होते, त्यामुळे वर एखादी नकाराची ओळ असेल तर खाली लिहिलेल्या परवानगीचा काही उपयोग होत नाही. या फाइलसाठी रीस्टार्ट लागत नाही, रीलोड (सेटिंग पुन्हा वाचायला लावणे) पुरतो. फायरवॉलमध्येही ५४३२ हे पोर्ट त्या एकाच सर्व्हरसाठी उघडावे.

चाचणी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरूनच करावी. एका कारखान्यात मी ती डेटाबेस सर्व्हरच्याच कीबोर्डवर केली, ती अर्थातच यशस्वी झाली आणि मग अख्खी दुपार इन्स्टॉलरला दोष देण्यात गेली. येणारा संदेश शब्दशः वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा त्या मशीनपर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. बराच वेळ काहीच न होता ‘टाइमआउट’ आला तर आधी फायरवॉल आणि आयपी पाहावा. ‘पीजी एचबीए’मध्ये नोंद नसल्याचा संदेश ही एका अर्थी चांगलीच बातमी, कारण नेटवर्क ठीक आहे आणि फक्त परवानगीची ओळ चुकली आहे.

‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकार असलेल्या सुपरयुजरवर ईआरपी चालवू नये. स्वतंत्र युजर करून त्याला त्या एका डेटाबेसचा मालक करावे. आवृत्ती १५ पासून सामान्य युजरला ‘पब्लिक’ स्कीमात (डेटाबेसमधील टेबलांच्या नेहमीच्या कप्प्यात) आपोआप टेबल बनवता येत नाही, त्यामुळे मालकी न दिल्यास जोडणी होते, पण टेबल बनवताना इन्स्टॉलेशन अडते. पासवर्डात अ‍ॅट-चिन्ह टाळावे, कारण जोडणीच्या ओळीत त्याच चिन्हानंतर होस्टचे नाव येते. डेटाबेस यूटीएफ-८ मध्येच तयार करावा आणि इन्स्टॉलेशन झाल्यावर एका पार्टीच्या पत्त्यात ‘गोकुळ शिरगाव’ लिहून, सेव्ह करून, पुन्हा उघडून पाहावे. ‘ळ’च्या जागी प्रश्नचिन्ह दिसले तर हजारो नोंदी भरल्यानंतर नव्हे, तेव्हाच थांबावे.

पूलचा, म्हणजे ईआरपी वापरासाठी उघडून ठेवते त्या जोडण्यांचा, आकडा मात्र अंदाजाने भरू नये. ‘मॅक्स कनेक्शन्स’ (डेटाबेसला एका वेळी चालणाऱ्या जोडण्यांची मर्यादा) मुळात १०० असते आणि त्यांतील ३ सुपरयुजरसाठी राखीव असतात, म्हणजे उरतात ९७. हिशेब, स्टोअर, उत्पादन आणि रिपोर्ट अशा चार सर्व्हिसना प्रत्येकी ३० चा पूल दिला तर मागणी १२० वर जाते. पूल गरजेप्रमाणे वाढणारा असेल तर बसवण्याच्या दिवशी हे कळतही नाही. महिनाअखेरीला सगळे विभाग एकदम कामाला लागले की नव्या जोडण्या नाकारल्या जातात. प्रत्येकी २० ठेवल्यास ८० होतात आणि बॅकअप व देखभालीसाठी १७ उरतात. अशा वेळी ‘मॅक्स कनेक्शन्स’ वाढवण्याचा सल्ला लगेच मिळतो, पण प्रत्येक जोडणीमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस चालते, म्हणून मी आधी पूल कमी करतो.

शेवटी वीज गेल्याचे नाटक करावे. दोन्ही सर्व्हर रीतसर शटडाउन करून मुद्दाम अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आधी सुरू करावा आणि पाच मिनिटांनी डेटाबेस सर्व्हर. ईआरपी आपणहून पुन्हा जोडले गेले नाही तर सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये अपयशानंतर ठरावीक वेळाने पुन्हा सुरू होण्याची सोय करावी आणि हीच चाचणी परत घ्यावी.