पहिली चॅरिटी राइड करणाऱ्या बाईसाठी: पाय सोडून बाकी सगळ्याची तयारी

चॅरिटी राइड म्हणजे एखाद्या चांगल्या कामासाठी लोकांकडून देणग्या गोळा करत केलेली सायकल सफर. माझ्या पहिल्या तीन दिवसांच्या चॅरिटी राइडमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायकल सोडून सपोर्ट गाडीत, म्हणजे मदतीसाठी बरोबर असलेल्या गाडीत, बसले. पाय ठणठणीत होते. डोकं मात्र फुटायला आलं होतं आणि भर उन्हात अंगावर शहारे येत होते. सकाळपासून जेमतेम अर्धी बाटली पाणी पोटात गेलं होतं, कारण वाटेत आडोसा मिळेल याचा भरवसा नव्हता. गाडीत आधीच दोघीजणी होत्या. एकीची सीटवर घासून कातडी सोलवटली होती. दुसरीचं पंक्चर वाटेत कुणीतरी घाईघाईने काढून दिलं होतं आणि टायरमधला काटा तसाच राहिल्याने दहा मिनिटांत ते पुन्हा झालं होतं. तिघींच्याही पायांत अजून साठेक किलोमीटर शिल्लक होते!

पुढे बऱ्याच राइड झाल्या, नव्याने येणाऱ्या बायकांबरोबर सरावही केला. एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा दिसली: पाय दहा-बारा आठवड्यांत तयार होतात. घोडं अडतं ते सीटवर, लघवीवर, पंक्चरवर आणि मागण्यावर. म्हणजे घरच्यांकडे वेळ मागणं आणि लोकांकडे पैसे मागणं. त्यामुळे इथे पायांना एकच परिच्छेद दिला आहे.

राइड निवडताना बारीक अक्षरातलं वाचा

चॅरिटी राइड सगळ्या सारख्या नसतात. अमेरिकेतली दोन दिवसांची पॅन-मॅस चॅलेंज १९८० साली ३६ जणांनी सुरू केली, त्या वर्षी कर्करोगाच्या कामासाठी १०,२०० डॉलर जमले. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही ५४५ मैलांची, सात दिवसांची एड्स/लाइफसायकल राइड २०२५ पर्यंत चालली. दोन दिवस आणि सात दिवस हे वेगळेच प्रकार आहेत. पहिल्यांदा जाणारीने दोन किंवा तीन दिवसांची, सपोर्ट गाडी असलेली राइड घ्यावी. सामान स्वतः वाहून एकटीने केलेली सफर फार सुंदर असते, पण ती दुसऱ्या वर्षी.

नाव नोंदवण्याआधी एवढं विचारा: किमान किती निधी गोळा करावा लागतो? तो जमला नाही तर उरलेली रक्कम तुमच्या खात्यातून कापतात का? (काही राइडमध्ये कापतात, आणि ते कार्डाचा तपशील भरताना सहीनिशी मान्य केलेलं असतं.) गोळा झालेल्या पैशातले किती कामासाठी जातात आणि किती आयोजनावर खर्च होतात? दिवसाचं अंतर किती, चढ किती, थांबे किती किलोमीटरवर आणि प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला मला पहिल्या वर्षी लाज वाटली होती. आता मी तो सर्वांत आधी विचारते.

सायकल अंगाला बसवून घ्या

१८९४ साली अ‍ॅनी लंडनडेरी बॉस्टनहून जगाच्या फेरीला निघाली तेव्हा तिच्या अंगात लांब स्कर्ट होता आणि बुडाखाली सुमारे १९ किलोची बायकी सायकल. शिकागोपर्यंत पोहोचता पोहोचता तिला शहाणपण आलं. तिथे तिने निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली आणि स्कर्ट सोडून ब्लूमर, म्हणजे सैल विजार, चढवले. (आडनावही तिचं नव्हे. लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीने १०० डॉलर दिले, म्हणून ते लावलं. प्रायोजक शोधणाऱ्या बायकांची ती आद्य आजी म्हणायला हरकत नाही.) आजही निम्म्या तक्रारी सायकल बदलली किंवा नीट लावली की मिटतात.

सुरुवात सीटपासून. जितकी मऊ सीट तितका आराम, हा समज सोडा. गुबगुबीत सीटमध्ये हाडं रुततात आणि सगळा भार पुढच्या नाजूक भागावर येतो. आपल्याला पेलायला बुडात दोन हाडं दिली आहेत, सीट त्यांच्या रुंदीची हवी. मोजणं सोपं आहे: कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, थोडं पुढे वाका, टाचा किंचित उचला आणि मिनिटभर थांबा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद सीट बघा. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून सायकलीबरोबर आलेली अरुंद सीट अनेकींना छळते. पुढे बधिरपणा येत असेल तर सीटचं टोक अगदी किंचित खाली करा किंवा मध्ये खाच असलेली सीट वापरून पाहा. बधिरपणा ‘सवयीने जाईल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

उंचीसाठी टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि तिथूनच कातडी घासायला लागते. ब्रेकच्या दांडीत बहुधा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी हँडलजवळ येते. आखूड बोटांच्या बायका वर्षानुवर्षं बोटं ताणून ब्रेक दाबत राहतात आणि मनगट दुखतं म्हणतात. स्क्रूचं कुणी सांगितलेलंच नसतं.

पॅडेड शॉर्ट्सच्या, म्हणजे बुडाला गादी शिवलेल्या सायकलच्या शॉर्ट्सच्या, आत चड्डी घालायची नाही. हे ऐकून सगळ्याजणी आधी हसतात. पण चड्डीच्या शिवणी आणि ओला कापूस हेच तर घासण्याचं कारण. घासणाऱ्या जागी क्रीम लावा, राइड संपताच शॉर्ट्स बदला, रोज धुतलेली घाला. गप्पा मारत तासभर ओल्या शॉर्ट्समध्ये बसलात तर दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना त्या गप्पा आठवतील.

पायांचा परिच्छेद

बारा आठवडे धरा. आठवड्यातून तीनदा सायकल: दोन छोट्या फेऱ्या, एक लांब. लांब फेरी दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा आणि चौथ्या आठवड्यात थोडी कमी करा. राइडमधल्या सर्वांत लांब दिवसाच्या पाऊण अंतरापर्यंत पोहोचलात तरी पुरे. शेवटच्या महिन्यात दोनदा तरी शनिवार-रविवार लागोपाठ चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या अंगाने सीटवर बसण्याचा सराव वेगळा असतो. शेवटच्या आठवड्यात हलकं राहा.

आता खरी अडचण. रविवारचे चार तास आणायचे कुठून? ‘जमलं तर जाईन’ म्हणणारीचा रविवार घरची कामं गिळतात. बारा रविवारांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा, घरच्यांसमोर आधीच ठेवा, त्या वेळात घरचं कोण काय बघणार तेही त्यांच्याकडूनच लिहवून घ्या. परवानगी मागू नका, वेळापत्रक सांगा. सुरुवातीला कुरकुर होते. चौथ्या रविवारी कुणीतरी स्वतःहून विचारतं, ‘आज किती किलोमीटर?’

पाणी, लघवी, पाळी

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात त्याहून जास्त. दीड-दोन तासांपेक्षा मोठ्या राइडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. साधारण मोठ्या केळ्यात तिसेक ग्रॅम असतात. भूक लागायची वाट पाहू नका, घड्याळ बघून खा.

लघवी तुंबवली की पाणी कमी प्यायलं जातं. मग डोकेदुखी, पायांत गोळे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग, हे सगळे रांगेने येतात. म्हणून सोय आधी लावा. खांद्यांवरून पट्टे येणाऱ्या बिब शॉर्ट्स पोटाला सुखाच्या असल्या, तरी प्रत्येक वेळी अर्धे कपडे उतरवावे लागतात. पहिल्या राइडला साध्या कमरेच्या शॉर्ट्स बऱ्या. उभ्याने लघवी करण्याचं नळकांडं मिळतं, पण ते आधी दोन-तीनदा घरी न्हाणीघरात वापरून बघा. रस्त्यावरचा पहिला प्रयोग बुटात संपतो. एक पातळ, मोठं फडकं खिशात ठेवा, कमरेला गुंडाळलं की आडोसा तयार. आणि दोघी-तिघी मिळून थांबा. एक पहारा देते, एक सायकली धरते. एकदा हसून झालं की लाज जाते.

पाळी राइडमध्ये आली तर राइड रद्द करायचं कारण नाही. पॅडेड शॉर्ट्समध्ये सॅनिटरी पॅड सरकतं आणि घासतं, त्यामुळे बऱ्याचजणींना टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप सोयीचा पडतो. पण कप नवाच असेल तर दोन पाळ्या आधी सवय करा. हात धुवायला वेगळी छोटी बाटली, वापरलेलं ठेवायला बंद होणारी पिशवी, गडद शॉर्ट्स. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत.

पंक्चर स्वतः काढायला शिका

हे बैठकीच्या खोलीत, पावसाळी दुपारी शिका. तीनदा काढा. पुढचं चाक सोपं, म्हणून मागचंच घ्या.

चेन सर्वांत छोट्या दातेरी चक्रावर आणा, सायकल उलटी ठेवा, चाक काढा. उरलेली हवा सोडा. दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड रिमच्या मध्यभागच्या खोलगट भागाकडे ढकलत पूर्ण फेरी मारा, कड सैल होते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला एक लिव्हर (टायर उचकटायची छोटी पट्टी) घाला, वीतभर अंतरावर दुसरा, एक बाजू बाहेर येते. ट्यूब काढा, थोडी हवा भरा, गालाजवळ फिरवा. बारीक भोकातली हवा बोटाला कळत नाही, पण गालाला कळते. भोक सापडलं की ट्यूब टायरशेजारी धरा, म्हणजे काटा साधारण कुठे असेल ते समजतं. मग टायरच्या आतून फडकं सावकाश फिरवा. काटा किंवा काचेची किरच फडक्याला अडकते. नुसत्या बोटाने गेलात तर बोटात शिरते. गाडीत भेटलेल्या बाईचं हेच करायचं राहिलं होतं.

नव्या ट्यूबमध्ये फक्त आकार येईल एवढी हवा भरा, व्हॉल्व्ह भोकात घाला, ट्यूब आत बसवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून अंगठ्यांनी चढवत आणा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचे चार बोटं अंतर हट्टी असतं. तिथे लिव्हर घालायचा मोह होतो, आणि नवी ट्यूब चिमटून पुन्हा पंक्चर होते. त्यापेक्षा सगळी कड पुन्हा रिमच्या मध्यभागी दाबत या, तेवढी ढील शेवटी मिळते. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना, ते बघा.

पंक्चर काढायला बसलात की कुणीतरी भला माणूस थांबणारच आणि हातातून चाक घेऊ पाहणार. ‘थँक्यू, मी करते. तुम्ही जरा सायकल धरता का?’ असं म्हणा. दोघांचाही मान राहतो.

पैसे मागा, पण नाव घेऊन

पन्नास जणांच्या ग्रुपवर ‘कृपया मदत करा’ टाकलं की पन्नास अंगठे येतात आणि दोन देणग्या. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहा. त्यात तीनच गोष्टी असू द्या: मी हे का करते आहे, पैसा कशावर खर्च होईल, आणि एक ठरावीक आकडा. आकडा लिहिताना हात अडखळतो, पण आकडा नसेल तर समोरच्यालाही अवघडल्यासारखं होतं.

पहिली देणगी स्वतःची टाका, मग सर्वांत जवळच्या, सढळ हाताच्या माणसाकडे जा. यादीत वर मोठे आकडे दिसले की पुढचे त्याच्या आसपास देतात. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आणि राइडच्या आठवड्यात एकदा आठवण करा. बहुतेक लोक विसरलेले असतात, रागावलेले नसतात. आणि ‘मी स्वतःसाठी पैसे मागते आहे’ असं मनात आलं तर तो निरोप मोठ्याने वाचून बघा.

राइडचे दिवस

पहिला तास मुद्दाम हळू. सगळे सुटतात तेव्हा आपणही सुटतो आणि दुपारी त्याची किंमत मोजतो. बोलत बोलत चालवता येईल तोच वेग दिवसभर टिकतो. थांब्यावर दहा मिनिटं, फार तर पंधरा; त्याहून जास्त बसलात की गुडघे आखडतात. हँडलवर हातांची जागा दर काही मिनिटांनी बदला. घोळक्यात सरळ रेषेत राहा, अचानक ब्रेक लावू नका, खड्डा दिसला की हाताने दाखवा आणि ओरडा.

मध्येच एकट्या पडलात आणि कुणी अनोळखी माणसाने ‘एकट्याच?’ विचारलं, तर उत्तर ठरलेलं असू द्या: ‘नाही, मागून मंडळी येताहेत.’ लाइव्ह लोकेशन घरच्या एकाला सुरू ठेवा, सपोर्ट गाडीचा नंबर फोनमध्ये आणि कागदावरही. कुत्रं मागे लागलं तर उतरा, सायकल मध्ये धरा, चालत राहा. पळालात की त्यालाही पळायला मजा येते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ सर्वांत वाईट. सीटवर टेकताच ओठ चावावे लागतात. पाच-सहा किलोमीटरनंतर अंग सैल होतं. तोपर्यंत निर्णय घेऊ नका. पण कातडी फाटली असेल, चक्कर येत असेल किंवा उन्हात घाम थांबला असेल, तर गाडी बोलवा. गाडीत बसलेली बाई निधी परत करत नाही.

घरी आल्यावर

दोन दिवसांत देणगीदारांना लिहा: जमलेला आकडा, एक घामाघूम फोटो आणि वाटेतली एक गोष्ट. देणग्या घेणं अजून काही दिवस सुरू असेल तर तेही सांगा. ‘बघू, ही खरंच जाते का’ म्हणून थांबलेले लोक आता देतात. मी त्या पहिल्या वर्षी गाडीत बसल्याचंही पत्रात लिहिलं होतं. एका काकूंनी त्यावर दुप्पट रक्कम पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, ‘पुढच्या वेळी पाणी पी.’