घरात दुःख असताना ईस्टरचा आठवडा कसा काढावा

माझी बायको गेली तेव्हा ईस्टर १९ दिवसांवर आला होता. ती चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीतला आवाज गायची. त्या वर्षीच्या ईस्टरच्या गीताचा कागद तिच्या पर्समध्ये सापडला. श्वास कुठे घ्यायचा, तिथे तिथे पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. तो कागद हातात धरून मी ठरवलं की यंदा चर्चला पाऊल टाकायचं नाही. सगळे ‘प्रभू उठला आहे’ म्हणणार, आणि माझं माणूस काही उठलेलं नाही.

शेवटी गेलो. त्याला आता चार ईस्टर झाले. ज्यांचा हा पहिलाच आहे त्यांच्यासाठी, मला काय उपयोगी पडलं आणि मी कुठे चुकलो, ते लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. चर्चला जाताना मनात आशा असायलाच हवी, असं काही नाही. पहिल्या ईस्टरच्या पहाटे येशूच्या कबरेकडे निघालेल्यांपैकी कुणाच्याही मनात ती नव्हती. शुभवर्तमानं नीट वाचा. शुक्रवारी संध्याकाळी येशूला पुरताना निकदेम नावाच्या माणसाने गंधरस आणि अगरू आणलं, तेही आजच्या मापाने सुमारे ३३ किलो. माणूस तीन दिवसांत परत येणार असं वाटलं असतं, तर एवढं ओझं कुणी वाहून आणलं नसतं. रविवारी बायका सुगंधी द्रव्यं घेऊन आल्या त्या प्रेताला लावायला, शुक्रवारी घाईत राहून गेलेलं काम पुरं करायला. वाटेत त्यांना एकच चिंता होती, दारावरची धोंड कोण लोटणार? येशूने आधी सांगून ठेवलेलं सगळं त्यांच्या कानांवरून गेलं होतं, पण ऐकलेलं दुःखात कुठे आठवतं? मेलेल्या माणसाचं उरलेलं काम करायला त्या आल्या होत्या, आणि पुनरुत्थान त्यांना तिथे भेटलं.

तेव्हा तुमच्या हातात जे काम असेल ते घेऊन जा. माझ्या हातात तो कागद होता. तुमच्याकडे बँकेतले फॉर्म असतील, कपड्यांचं न उघडलेलं कपाट असेल. तेवढं पुरे आहे.

आता आठवड्याआधीची तयारी. पाळकांना किंवा फादरांना एक छोटा निरोप द्या: मी येईन, मध्येच उठून जाईन, मागे कुणी येऊ नये. हे सांगून ठेवलं की बसवतं. दाराजवळची कडेची जागा धरा. सगळ्या उपासनांना जाण्याचा अट्टहास करू नका, दोनच निवडा. मला विचाराल तर उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि रविवारची पहाट. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, गर्दी आणि जयजयकार असतो, तो पहिल्या वर्षी मला झेपला नाही. उत्तम शुक्रवार मात्र झेपला, आणि याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. त्या दिवशी सगळं चर्च माझ्याच बाजूला येऊन बसल्यासारखं वाटलं. वेदीवरची वस्त्रं काढलेली, आवाज खाली, आणि वाचनात एक आई आपल्या मुलाच्या वधस्तंभाशी उभी. माझा चेहरा तिथे कुणाला खटकणार नव्हता.

त्या दिवशी स्तोत्र २२ वाचलं जातं. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे येशूच्या तोंडचे शब्द त्याच स्तोत्रातले. घरी आल्यावर स्तोत्र ८८ही वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधाराच्या शब्दावरच संपतं. पवित्र शास्त्रात ते तसंच ठेवलंय, कुणी त्याला गोड शेवट जोडलेला नाही. मी ते मोठ्याने वाचलं, दार लावून. देवाशी भांडायचं असेल तर त्याच्याच पुस्तकातले शब्द हाताशी आहेत, ते वापरा. पाप होत नाही.

मग येतो शनिवार. मला सर्वांत जास्त सांगायचंय ते याच दिवसाबद्दल.

शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. मत्तय सांगतो की कबरेवर शिक्का मारला आणि पहारा बसवला. लूक एका ओळीत सांगतो की बायकांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी विसावा घेतला. बस. शिष्य काय बोलले, मरीयेने काय केलं, पेत्र कुठे बसला होता, काही नाही. पण विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून आपला विश्वास बोलून दाखवतो त्यात, आपण म्हणतो, ‘मरण पावला, त्याला पुरले, तो अधोलोकात उतरला’. इतकी वर्षं मी ते वाक्य भरभर म्हणून पुढे जायचो. त्या शनिवारी तिथे थांबलो. मेलेल्या माणसांची जी जागा असते तिथेही तो गेला आहे. माझी बायको अशा कुठल्याही ठिकाणी गेलेली नाही जिथे तिच्या आधी तो पोचला नव्हता. मला आशेचा पहिला धागा मिळाला तो इथे, रविवारी नव्हे.

दुःखातल्या माणसाचे बरेच महिने शनिवारच असतात. म्हणून हा एक दिवस जाणूनबुजून रिकामा ठेवा. पाहुणे नकोत, घर आवरणं नको, रविवारची तयारी दुसऱ्याकडे सोपवा. मी एक पत्र लिहिलं, तिलाच. ती गेल्यापासून घरात काय काय झालं ते: गिझर बिघडला, धाकटीचा दात पडला, तुझा चष्मा अजून खिडकीतच आहे. प्रार्थना जमत नव्हती, पत्र जमलं. ते देवासमोर ठेवलं आणि झोपलो. झोप लागली नाही तर पडून राहा, तोही विसावाच.

रविवारी पहाटे उठणं जमलं तर आधी घरीच योहानाच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय वाचा. हळू वाचा, मरीया किती वेळा रडते ते मोजत. ही येशूची आई नव्हे, मग्दालीया मरीया. ती अंधार असतानाच कबरेशी आली. दगड सरकलेला पाहून तिला आनंद झाला नाही, तिला वाटलं कुणी प्रेत पळवलं. पेत्र आणि दुसरा शिष्य धावत आले, आत पाहिलं, घरी गेले. ती तिथेच रडत राहिली. देवदूत दिसले तरी रडत राहिली. वळून पाहिलं तर येशू समोर उभा, तरी ओळखलं नाही. तिला तो माळी वाटला. डोळ्यांत पाणी असलं की असंच होतं. त्याने तिला ‘रडू नकोस’ म्हटलेलं नाही. ‘का रडतेस?’ विचारलं, आणि तिला सांगू दिलं. मग फक्त नाव घेतलं, ‘मरीये’. कुठलंही स्पष्टीकरण देण्याआधी तिला तिचं नाव ऐकू आलं.

मला यातून एक सवय लागली. गेलेल्या माणसाचं नाव घरात मोठ्याने घ्यायचं. लोक आपल्याला जपायला म्हणून ते नाव टाळतात आणि माणूस दुसऱ्यांदा पुरल्यासारखं होतं. तुम्हीच घ्या, म्हणजे त्यांनाही धीर येतो.

चर्चमध्ये गाणं म्हणवलं नाही तर म्हणू नका. दुसरे म्हणतील, तुमच्या वाटचंही म्हणतील. मंडळी असते ती यासाठीच. मी त्या वर्षी कागद धरून नुसता उभा होतो. तिच्या खुणेपाशी पोचलं की श्वास घ्यायचो, एवढंच. ‘प्रभू उठला आहे’ला ‘खरोखर उठला आहे’ हे उत्तर माझ्या तोंडून आलं नाही. खोटं म्हणण्यापेक्षा गप्प राहिलो, आणि ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान कुठे संपतं माहीत आहे? त्या बायका थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथे. पहिल्या ईस्टरलाही सगळ्यांच्या तोंडून लगेच शब्द फुटले नव्हते.

लोक काय काय बोलतील त्याची तयारी ठेवा. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ ‘ती आता सुखात आहे, तू का रडतोस?’ वाद घालू नका, ‘प्रार्थना करा माझ्यासाठी’ म्हणा आणि पुढे चला. पण मनात मात्र खरं काय ते पक्कं असू द्या. पौल करिंथकरांना लिहिताना मृत्यूला शत्रू म्हणतो, नाहीसा केला जाणारा शेवटचा शत्रू. तेव्हा मरण गोड आहे असं मानायची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो की ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका. ‘खेद करू नका’ एवढंच तो म्हणत नाही. हे वाक्य अर्धं सांगून कितीतरी लोकांना गप्प बसवलं जातं. आणि येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेशी काय झालं ते आठवा: थोड्याच वेळात आपण त्याला बाहेर बोलावणार हे ठाऊक असूनही येशू रडला. पुनरुत्थानावर विश्वास असला की रडू थांबतं, असं असतं तर तो सर्वांत आधी थांबला असता.

आपली आशा नेमकी कशाची, हेही स्वतःशी स्पष्ट करून घ्या, कारण ‘आत्मा वर गेला’ एवढ्यावर माझं समाधान होईना. मला तिचे हात हवे होते, तिचा आवाज हवा होता. मग लक्षात आलं की विश्वासांगीकारातही ‘शरीराचे पुनरुत्थान’ असंच आहे. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. थोमाला हातांतले खिळ्यांचे व्रण दाखवले. व्रण पुसले गेले नव्हते, म्हणून तर ओळख पटली. पौल त्याला झोपी गेलेल्यांतलं प्रथमफळ म्हणतो. पहिली पेंढी आली म्हणजे बाकीचं पीक शेतात आहे. देव माझ्या बायकोला तिच्यासकट उठवील, असा या आशेचा अर्थ मी धरतो. कसं, ते मला सांगता येत नाही. पौलही तिथे बी आणि रोपाची उपमा देऊन थांबतो.

लहान मुलं असतील तर त्यांच्याशी साध्या, खऱ्या शब्दांत बोला. ‘आई झोपली’ असं म्हणू नका. पौलाने तो शब्द मोठ्या माणसांसाठी वापरला आहे, मुलं मात्र रात्री डोळे मिटायला घाबरतात. मी ही चूक केली आणि धाकटी पंधरा दिवस दिवा लावून झोपली. नंतर सांगितलं: आई मेली, तिचं शरीर थांबलं, आता दुखत नाही, आणि येशू जसा उठला तसं देव तिला उठवणार आहे. ‘कधी?’ तिने विचारलं. ‘मला माहीत नाही’ म्हटलं. हे उत्तर तिला चाललं.

रविवारी दुपारी घर सुनं होतं. खूप सुनं. सकाळच्या गाण्यांनंतरची ती शांतता मला शुक्रवारपेक्षा जड गेली, म्हणून त्या वेळेला कुणीतरी एक जवळचं माणूस आधीच सांगून ठेवा. आणि झोप, भूक आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. विश्वास कमी पडला म्हणून असं होत नाही. उठलेल्या प्रभूनेही शिष्यांसाठी आधी कोळशाचा विस्तव पेटवून त्यावर मासे भाजले, ‘या, न्याहारी करा’ म्हटलं, आणि मग पेत्राशी मनातलं बोलला.

ईस्टर एका दिवसात संपत नाही, हे मला उशिरा कळलं. पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, हा काळ ५० दिवसांचा असतो. थोमाला आठ दिवस जादा लागले, आणि येशू त्याच्यासाठी पुन्हा आला. पहिल्या रविवारी काही वाटलं नाही तरी पुढचे रविवार आहेत. मी दर रविवारी एकच छोटी गोष्ट करायचो: तिच्या बायबलमधलं एक पान उघडून तिने खूण केलेलं वचन वाचायचं. सहाव्या रविवारी ‘खरोखर उठला आहे’ हे शब्द माझ्या तोंडून हळूच निघाले, स्वयंपाकघरात, एकटा असताना.

दुसऱ्या वर्षीच्या ईस्टरला पहाटे धाकटीला घेऊन कबरस्तानात गेलो. अजून उजाडलं नव्हतं. तिने विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, आईचं नाव घे. तिने घेतलं, आधी हळू, मग चांगलं मोठ्याने. मग आम्ही तो खुणांचा कागद काढला. तिला आईची पट्टी अजून जमत नव्हती, तरी ती खुणांपाशी बरोबर श्वास घेत होती.