सेन्सिटिव्ह स्किनसाठी सनस्क्रीन घेताय? आधी ट्यूब उलटी करा

माझ्या गालावर तीन वेगवेगळ्या सनस्क्रीननी लाल चट्टे आले आणि नुसती आग आग, मग मी ठरवूनच टाकलं की आपल्याला हे चालत नाही आणि दोन उन्हाळे नुसत्या स्कार्फवर काढले. तसं करू नका. बहुतेक वेळा त्यातला एखादाच घटक त्रास देत असतो, तो शोधायचा.

तर पहिलं काम, ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा, दिसत नसतील तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. परफ्यूम, फ्रॅग्रन्स, लिनालूल, लिमोनीन असं काही दिसलं की परत ठेवा. 'अनसेंटेड' वर विश्वास ठेवू नका, मूळ वास झाकायला त्यातही कधीकधी सुगंधी द्रव्य असतं, 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलंच घ्या.

मग फिल्टर, म्हणजे ऊन अडवणारा घटक, बघा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे मिनरल, याची ॲलर्जी फार क्वचित होते. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टोक्रिलीन हे केमिकल फिल्टर टाळलेलं बरं, आणि दुखण्यावर कीटोप्रोफेनचं जेल लावून उन्हात गेल्यावर ज्यांना पुरळ उठलं होतं त्यांनी तर नक्कीच टाळा, कारण त्यांना या दोन्हींचीही रिॲक्शन येऊ शकते. मिनरलने चेहरा पांढरट दिसतो हे खरंय, पण टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, घेतलं तर ते झाकलं जातं आणि त्यातल्या आयर्न ऑक्साइडचा वांग असलेल्यांना फायदाच होतो.

एसपीएफ ३० पुरे, ते साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण, अडवतं आणि ५० वालं ९८, म्हणजे आकड्यामागे धावण्यापेक्षा यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणाऱ्या किरणांसाठी, ट्यूबवर 'पीए' (यूव्हीए संरक्षणाची खूण) पुढे तीन-चार प्लस (+) आहेत का ते बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, छोटी ट्यूब आणा आणि थेट तोंडाला लावू नका! हाताच्या आतल्या बाजूला एकाच जागी आठवडाभर रोज लावा आणि तो हात थोडा वेळ उन्हातही न्या, कारण काही ॲलर्जी ऊन लागल्यावरच उठतात, घरात बसून टेस्ट केली तर कळतच नाही. मला हे फार उशिरा समजलं.

सगळं ठीक वाटलं तर चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. डोळ्यांजवळ चुरचुरत असेल तर तिथे झिंकची स्टिक वापरा.

आणि तरीही पुरळ उठलंच तर ट्यूब फेकू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या, त्यावरची यादी बघून नेमका कशाचा संशय घ्यायचा ते त्यांना ठरवता येतं.